दुर्बिणीला झाकण निवडताना: खाडीकाठच्या आणि येऊरच्या बर्डर्ससाठी

दुर्बीण घेताना माणसं महिनाभर डोकं खपवतात. ८×४२ घ्यावी की १०×४२, चष्म्यासकट नीट दिसतं का, वॉटरप्रूफ आहे का, चार जणांना विचारून होतं, दोन दुकानं हिंडून होतात. खोक्यात आलेल्या झाकणांकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. पहिल्या फेरीला ती खिशात जातात, पुढच्या फेरीला बॅगेच्या तळाशी, आणि मग एक दिवस चारातलं एक गायब होतं.

सगळा दोष माणसांचाच नाही. सोबत येणारी झाकणं बऱ्याचदा दुकानातून घरापर्यंत भिंग सुखरूप पोचावं एवढ्यासाठीच केलेली असतात. पण ठाणे-नवी मुंबईत भिंग उघडं ठेवून भागत नाही. एका अंगाला खाडीचा खारा वारा, दुसऱ्या अंगाला बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ, आणि जून ते सप्टेंबर अशी हवा की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. भिंगावरचा कोटिंगचा थर किती पातळ असतो? साधारण एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. मीठ किंवा वाळूचा कण त्यावर कापडाने घासला की गेलेला थर घरी काही केल्या परत येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. झाकण घेताना दोन प्रश्न विचारा: ते एका हाताने किती पटकन निघतं, आणि निघाल्यावर कुठे राहतं? घट्टपणाचा विचार त्यानंतर. पक्षी उडून जायच्या आत जे निघत नाही, ते झाकण लवकरच घरी राहू लागतं. आणि एकदम घट्ट, हवाबंद झाकण आपल्या पावसाळ्यात उपकारापेक्षा अपकारच जास्त करतं. ते का, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: कुठलं भिंग कशापासून वाचवायचंय?

दुर्बीण गळ्यात लटकते तेव्हा डोळ्याकडची भिंगं आभाळाकडे असतात आणि पुढची भिंगं जमिनीकडे. म्हणजे पाऊस, घाम, झाडावरून पडणारा कचरा, खाता खाता सांडलेला फरसाण, सगळं डोळ्याकडच्या भिंगांवर येतं. ही भिंगं लहान, आयकपच्या (डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कड्याच्या) खळग्यात बसलेली, त्यामुळे पुसायलाही अवघड. तरी दुकानात गिऱ्हाईक विचारतं ते पुढच्या मोठ्या भिंगाच्या झाकणाबद्दल. पैसे एकाच झाकणापुरते असतील तर डोळ्याकडचं घ्या.

पुढच्या भिंगांचा धोका वेगळा. बसताना दुर्बीण मांडीवर आडवी पडते, बोटीत पुढून तुषार येतात, बंधाऱ्यावर वाकलं की भिंग दगडाला टेकतं. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात करवंदीच्या जाळीतून जाताना काटा थेट भिंगावर येतो. मुख्यतः येऊर आणि कर्नाळा अभयारण्य करत असाल तर पाऊस आणि झाडीचा विचार आधी. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून रोहित (फ्लेमिंगो) बघायला बोटीने खाडीत जात असाल, तर मिठाचा.

स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) ट्रायपॉडवर आडवा उभा असतो, म्हणून त्याचं पुढचं भिंग वाऱ्यापावसाला सरळ तोंड देतं. ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्यात, जे २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आलं, ओहोटीला पक्षी पार लांब चिखलावर पांगतात. काठावरून त्यांच्या चोचीचा रंग बघून धाकटा रोहित की मोठा हे ठरवायचं तर स्कोप लागतोच. आणि तो तासन् तास खाऱ्या वाऱ्यात उभा राहतो.

दुसरी पायरी: मोजमाप

बहुतेक चुकीच्या ऑर्डरी इथेच होतात. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलंय म्हणून माणूस ४२ मिलिमीटरचं झाकण मागवतो. तो ४२ चा आकडा आतल्या भिंगाच्या व्यासाचा. झाकण बसतं ते नळीच्या बाहेरून, आणि नळीवर धातू, मग रबराचं आवरण असं सगळं मिळून बाहेरचा व्यास ५० च्या घरात किंवा त्याहून जास्त भरतो. दोन कंपन्यांच्या ८×४२ दुर्बिणींचा बाहेरचा व्यास सारखा असेलच असंही नाही.

व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. ती नळीच्या अगदी पुढच्या कडेला, जिथे झाकण बसणार तिथेच, गुंडाळा. घट्ट ओढा, पण रबर दबेल इतकी नको. एकावर एक आलेल्या टोकांवर टाचणीने भोक पाडा, पट्टी सरळ करा आणि दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. समजा १६३ मिलिमीटर आलं. त्याला ३.१४ ने भागा, उत्तर ५१.९. म्हणजे तुम्हाला ५२ चं झाकण हवं. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा. नळी टोकाकडे निमुळती होत असेल तर कडेपासून एक सेंटिमीटर मागेही एकदा मोजा. तिथे फरक दीड-दोन मिलिमीटरचा निघाला तर कडक प्लास्टिकचं कडं तिथे टिकणार नाही, घसरेल.

झाकण आत दाबून बसवायचं असेल तर बाहेरचा नाही, आतला व्यास लागतो. तो कॅलिपरच्या वरच्या छोट्या चिमट्यानेच नीट मिळतो. चिमट्याचं टोक भिंगाला लागणार नाही याची काळजी घ्या. हात कापत असेल तर झाकण बाहेरून बसणारंच घ्या.

आयकप मोजताना ते ज्या स्थितीत तुम्ही वापरता त्याच स्थितीत ठेवा. चष्मेवाले आयकप खाली दाबून बघतात, बाकीचे वर फिरवून. काही आयकप वरच्या कडेला थोडे फाकलेले असतात, तिथला आकडा धरायचा.

आणखी एक माप सगळेच विसरतात: दोन नळ्यांमधली फट. दुर्बीण तुमच्या डोळ्यांच्या अंतराएवढी मिटवा आणि पुढच्या टोकाला नळ्यांमध्ये किती जागा उरते ते बघा. डोळे जवळजवळ असणाऱ्यांच्या बाबतीत ही फट फारच कमी उरते. मग झाकणाची दोन जाड कडी एकमेकांना भिडतात आणि दुर्बीण पुरेशी मिटतच नाही. दिसतात दोन वर्तुळं, आणि माणूस दुर्बिणीला नावं ठेवतो.

तिसरी पायरी: डोळ्याकडचं झाकण

याला सगळे रेनगार्ड म्हणतात. दोन टोप्या, मधे जोडणारा पूल, आणि कडेला पट्टा ओवायला फटी. साधी वस्तू आहे, पण चांगलं आणि वाईट यांत फरक खूप.

पूल लवचीक हवा. बहुतेक दुर्बिणींत डोळ्यांचं अंतर साधारण ५६ ते ७४ मिलिमीटर असं बदलता येतं. घरात एकच दुर्बीण असेल, नवरा-बायको आणि मुलं आळीपाळीने बघत असतील, तर दर वेळी अंतर बदलतं. कडक पुलाचं रेनगार्ड एका अंतराला बसतं आणि दुसऱ्याला एका बाजूने उचललं जातं. उचललेल्या त्या फटीतून पाणी नेमकं भिंगावर जातं.

टोप्या किंचित सैल असाव्यात. घट्ट टोपी काढताना आत हवेची पोकळी होते, ‘टप्प’ आवाज येतो आणि दुसरा हात लावावा लागतो. योग्य मापाची टोपी एका अंगठ्याने पुलाखालून ढकलली की दोन्हीकडून एकदम निघते. एवढी सैल असल्यावर पडणार नाही का? पडू दे, पट्ट्यात ओवलेली असते.

ते ओवणंही विचाराने करायचं. साधा गळ्यातला पट्टा असेल तर दोन्ही बाजू ओवल्या तरी चालतं. रेनगार्ड पट्ट्यावरून छातीकडे वर सरकतं. हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून जाणारे पट्टे) वापरत असाल तर पट्टे खांद्यांकडे फाकतात आणि दोन्हीकडे ओवलेलं रेनगार्ड मधेच अडकून नाकासमोर येतं. हार्नेसला एकच बाजू ओवा. मी डावी ओवतो, कारण फोकसचं चाक उजव्या बोटाने फिरतं आणि तो हात मोकळा लागतो. निघालेलं झाकण डाव्या बाजूला लोंबत राहतं, आड येत नाही.

साहित्य म्हणाल तर मऊ रबर किंवा सिलिकॉन. स्वस्त मऊ प्लास्टिक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं की काही महिन्यांत चिकट होतं आणि तो चिकटपणा आयकपला लागतो. नखाने दाबून बघा, वण राहिला किंवा उग्र वास आला तर परत करा.

चौथी पायरी: पुढची झाकणं

दोन प्रकार मुख्य. एक, नळीवर कायम राहणारं कडं आणि त्याला बिजागरीने लटकणारं झाकण. दुसरा, आत दाबून बसवायची बुचासारखी टोपी.

कड्याचं झाकण हरवत नाही, हा त्याचा मोठा गुण. अवगुण असा की उघडं झाकण खाली लोंबतं, वाऱ्यात फडफडतं आणि जाळीत अडकतं. पाम बीच रोडच्या बाजूला पाणथळीवर संध्याकाळचा वारा सुटतो तेव्हा ते फडफडणं हाताला जाणवतं, चित्र हलतं. म्हणून झाकण पूर्ण मागे वळून नळीला टेकतं की अर्ध्यात ताठ उभं राहतं, ते बघा. ताठ उभं राहणारं नको.

रबरी कडं मोजलेल्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान चालतं, ताणून बसतं. मोठं मात्र अजिबात घेऊ नका. कडक कड्याचं माप काटेकोर हवं. थोडं सैल झालंच तर नळीवर वायरिंगची काळी टेप एक वेढा गुंडाळा. एका वेढ्याने व्यास पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरने वाढतो. दोन-तीन वेढ्यांत काम झालं नाही तर झाकणच चुकीच्या मापाचं आहे.

बुचाची टोपी दिसायला नेटकी, वाऱ्याला न जुमानणारी. पण ती काढून ठेवायची कुठे? खिशात. खिशात धूळ, चिल्लर, रुमालाचे धागे. तीच टोपी परत भिंगासमोर. बुचाची टोपी घ्यायचीच असेल तर दोरी अडकवायला कान असलेली घ्या आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने ती पट्ट्याच्या कडीला बांधा.

डोळ्याकडे रेनगार्ड असलेल्या आणि फक्त येऊरच्या पायवाटेवर फिरणाऱ्या माणसाला पुढच्या झाकणाची रोज गरज नसते. बोटीवर जाणाऱ्याला असते. ज्यांनी सगळं झाकायचं ठरवलंय ते चारही झाकणं लावतात, आणि मग पहिल्या पावसात तिबोटी खंड्या डोळ्यांसमोरून जातो तेव्हा चारही उघडत बसतात. कर्नाळ्याला हे दृश्य दर जूनमध्ये बघायला मिळतं.

पाचवी पायरी: स्पॉटिंग स्कोप, आणि रायफलची झाकणं

ऑनलाइन ‘स्कोप कव्हर’ टाकलं की निम्म्याहून अधिक वस्तू शिकारी रायफलच्या दुर्बिणीसाठीच्या येतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप बसला. पण ज्या देशांत परवान्याने शिकार चालते तिथे ही झाकणं ढिगाने खपतात, म्हणून तीच समोर येतात. त्यांचं घेण्यासारखं काही आहे का? थोडं आहे.

त्यांचा प्रसिद्ध प्रकार म्हणजे स्प्रिंगचं झाकण. बटण दाबलं की टकदिशी उघडतं. मापही बाहेरच्या व्यासाचंच असतं, भिंगाचं नव्हे: ४० मिलिमीटर भिंगाच्या रायफल दुर्बिणीची नळी बाहेरून साधारण ४७ च्या आसपास असते. म्हणजे नियम तोच. पण ही कडी गोल, कडक, धातूच्या नळीसाठी केलेली असतात. आपल्या दुर्बिणीचं रबरी आवरण खडबडीत आणि बऱ्याचदा निमुळतं, त्यावर ती धरत नाहीत. शिवाय तो ‘टक’ आवाज. शेकाट्यांच्या थव्यापासून वीस पावलांवर तो आवाज करून बघा, मग कळेल. ५० मिलिमीटरच्या छोट्या स्पॉटिंग स्कोपला, पुढची कडा धातूची आणि सरळ असेल तर, असं झाकण बसू शकतं. बाकी ठिकाणी नको.

पारदर्शक झाकणांचाही एक प्रकार असतो, न उघडताच आरपार बघण्यासाठी. महागाच्या भिंगापुढे साध्या प्लास्टिकचा तुकडा ठेवून तुतवारांच्या पायांचा रंग ओळखायला जाऊ नका. दोन टोप्या आणि मधे ताणलेली रबरी दोरी असाही प्रकार मिळतो. तो झटक्यात निघतो, आणि झटक्यात चिखलातही जातो.

मोठ्या स्कोपसाठी सोपी वाट वेगळीच आहे. काही स्कोपच्या पुढच्या कडेच्या आत कॅमेऱ्याच्या फिल्टरसारखे आटे असतात. सोबतच्या पुस्तिकेत ६७, ७७, ८२ असा आकडा दिलेला असतो. तसा असेल तर त्याच मापाची कॅमेऱ्याची टोपी घ्या, मधून चिमटीत धरून काढायची. फोर्टातल्या कॅमेरा बाजारात या मापांच्या टोप्या सहज मिळतात, आणि स्कोपच्या कंपनीच्या टोपीपेक्षा स्वस्त पडतात. कडेला चिमटा असलेली घेऊ नका. हूड (भिंगापुढे सरकणारी आडोशाची नळी) बाहेर ओढलेलं असेल तर तिच्यापर्यंत बोटं पोचत नाहीत.

तिरक्या आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा) स्कोप असेल तर तिथलं झाकण आधी घ्या. तिरकं आयपीस सतत आभाळाकडे बघत असतं, आणि खारफुटीत बगळ्यांच्या वसाहतीखाली उभं राहिल्यावर वरून फक्त पाऊसच येतो असं नाही.

स्कोपला उन्हासाठीही झाकण लागतं. ट्रायपॉडवर सोडून चहाला गेलात आणि सूर्य भिंगासमोर आला तर किरण आत एकवटतात, आतले भाग तापतात. त्याहून वाईट म्हणजे एखादं कुतूहलाने आलेलं पोर त्यातून बघायला जातं. ऐरोलीच्या काठावरून आपण पश्चिमेकडे बघतो, त्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं, दुपारनंतर समोर. भांडुपच्या बाजूने बरोबर उलटं. स्कोपपासून पाच पावलंही लांब जायचं असेल तर पुढची टोपी घालूनच जा.

सहावी पायरी: हातात आल्यावर तपासा

घरातच, पलंगावर उभं राहून नव्हे, पलंगाच्या वर दुर्बीण धरून करा. रेनगार्ड लावा, दुर्बीण उलटी करून हलवा: टोपी निघाली तरी चालेल, पट्ट्यात अडकून राहिली पाहिजे. मग डोळे मिटून एका हाताने झाकण काढा आणि दुर्बीण डोळ्यांना लावा. अडखळलात तर माप किंवा ओवणं चुकलंय. उघडलेल्या स्थितीत फोकसचं चाक पूर्ण फिरवा, झाकण कुठे घासत नाही ना? शेवटी दुर्बिणीतून उजळ भिंतीकडे बघा. कडेला काळी सावली दिसली तर लोंबणारं झाकण भिंगाच्या आड येतंय.

सातवी पायरी: पावसाळा

आता ते ‘अपकार’. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. भिंगावरची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा हे त्यांचं खाणं. ओलावा मिळाला की ते रुजतात. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर बराच काळ राहिली की धोका सुरू होतो, आणि आपल्याकडे जुलैत ती दिवसेंदिवस ऐंशीच्या वर असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे भिंगावर पसरतात आणि त्यांतून पाझरणारं आम्ल कोटिंग आणि पुढे काचही खातं. नायट्रोजन भरलेल्या सीलबंद दुर्बिणीत आत सहसा काही होत नाही, पण बाहेरच्या पृष्ठभागावर आणि आयकपच्या खाचेत होऊ शकतं. सील नसलेल्या स्वस्त दुर्बिणीत तर आतही.

ओल्या भिंगावर झाकण घालून दुर्बीण बॅगेत टाकली की आपण बुरशीला हवं तेच करतो: अंधार, ओल आणि कोंडलेली हवा. म्हणून पावसातून आल्यावर क्रम असा. झाकणं काढा. बाहेरून मऊ फडक्याने टिपा. दुर्बीण पंख्याखाली, आयकप वर ओढून, दोन-तीन तास ठेवा. ऊन नको. पूर्ण कोरडी झाल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि तिथे झाकणं न लावता ठेवा, म्हणजे कोरडी हवा भिंगापर्यंत पोचेल. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका, काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहिला की झालं. नारिंगी सिलिका जेल ओलं झाल्यावर हिरवट होतं, ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की परत कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात आणि ओव्हनमध्ये तापवू नका.

तांदळाच्या डब्यात दुर्बीण ठेवण्याचा सल्ला कोणीतरी देतंच. तांदळाची पावडर भिंगावर बसते, कोरडेपणा फारसा येत नाही. डांबरगोळ्या तर बिलकूल नकोत. त्यांची वाफ भिंगावर जमते आणि काही प्लास्टिकं मऊ करते. स्कोपवर कायम घालून ठेवायचं निओप्रीनचं जाकीटही पावसाळी फेरीनंतर पूर्ण उतरवा. ते बाहेरून वाळलेलं दिसतं तेव्हाही आतून दमट असतं.

एसी गाडीतून उतरताना झाकणं लावलेलीच ठेवा. थंड भिंगाला बाहेरची दमट हवा लागली की क्षणात दव धरतं, आणि माणूस ते शर्टाच्या टोकाने पुसतो. पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली घ्या, किंवा दुर्बीण झाकणांसकट बॅगेतच थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्या.

झाकणांचीही साफसफाई

भिंग सगळे पुसतात, झाकणाच्या आतली बाजू कोणी बघत नाही. तिथे साठलेली धूळ प्रत्येक वेळी झाकण लावताना भिंगावर पडते. खाडीवरून आल्यावर झाकणं साबणाच्या पाण्यात बुडवून, जुन्या मऊ टूथब्रशने खाचा घासून, साध्या पाण्याने धुवा. दुर्बीण खरोखर वॉटरप्रूफ असेल तर तीही नळाच्या बारीक धारेखाली धरून मीठ विरघळवा. नसेल तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग ओलसर मायक्रोफायबर, कोरडं मीठ कधीच घासायचं नाही. धुतलेली झाकणं वर्तमानपत्रावर उताणी टाका, बिजागरीच्या फटीतलं पाणी झटका, आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी बोट फिरवून खात्री केल्याशिवाय ती दुर्बिणीला लावू नका.